व्हिक्टरने घंटा तपासली

पॉलिनचं लग्न तोंडावर आलं असताना चर्चची घंटा बसक्या आवाजात वाजू लागली. फादरांनी वधूपित्याला बोलावून घेतलं.

"व्हिक्टर, तडा गेला असेल तर रविवारी लग्नाला वाजवायची नाही. पडली तर खाली आधी मीच सापडेन."

लेकीचं लग्न घंटेविना, ही कल्पनाच व्हिक्टरला सोसेना. तो रेल्वेत गाड्यांची चाकं हातोडीने ठोकून तपासायचा, आणि ती सवय घरीही सुटत नसे. पातेली, कुदळ, विहिरीची कप्पी, जे दिसेल त्यावर ठोका देऊन तो निदान करी. हा गंज, ही झीज, हा तडा. "माझ्या डोक्यावर ठोकून बघा, काय निघतं," असं बायको आग्नेस म्हणे, पण हातोडी लपवून ठेवल्यावरच.

व्हिक्टर भर दुपारी मनोऱ्यावर चढला. एक ठोका द्यायचा, नाद पूर्ण विरेपर्यंत कान लावून थांबायचं, मग जरा सरकून पुढचा. टण्ण. शांतता. टण्ण.

खाली पानमळ्यांत माणसांचे हात थांबले. इतकी सावकाश घंटा गावात एकाच कारणासाठी वाजे.

"कोन गेलं?"

"कोन जानार? बर्थाबाय. कवापासून खाटेवर हाय."

बर्थाबाय ही नवऱ्या मुलाची आजी. तिचा मुलगा, म्हणजे नवऱ्या मुलाचा बाप बेनेडिक्ट, मळ्यातच मटकन बसला. डोळे पुसून त्याने आधी लग्नासाठी ठरवलेल्या राजोडी गावच्या बाजेवाल्यांना नको म्हणून सांगायला माणूस धाडला, मग घराकडे निघाला. मागे निम्मं गाव. शेजारच्या धोंडूबाईने तर अंगणातूनच गळा काढला.

आत बर्थाबाय पेज पीत होती.

"रडतेस काय? कोन गेलं?"

धोंडूबाईचा सूर मध्येच तुटला.

"सांगत नाय म्हनजे जवळचंच कोनतरी असनार," म्हातारी म्हणाली. "माझं लुगडं आना."

बेनेडिक्टच्या खांद्याला धरून ती चर्चपर्यंत चालत आली. तेवढ्यात व्हिक्टर खुशीत खाली उतरला.

"तडा नाय. आतला ठोके देनारा लोळा एका बाजूनं झिजलाय. फिरवून बसवला की झालं." मग त्याला गर्दी दिसली. "एवढी मानसं? कोन गेलं?"

"तुमची अक्कल," आग्नेस म्हणाली.

राजोडीला गेलेला माणूस धापा टाकत परतला. बाजेवाल्यांनी लगेच दुसरी सुपारी घेतली होती. बेनेडिक्टने कपाळाला हात लावला.

बर्थाबाय पायरीवर टेकली.

"बाजा नाय तर नाय. घंटा हाय ना? फकस्त व्हिक्टर, रविवारी जरा भरभर वाजव. नायतर वऱ्हाड चर्चमदी यायचं सोडून माझ्याच दारात रडत बसंल."