अ‍ॅपची भिशी आणि कुलपाआडची बाई

दाराला बाहेरून कुलूप. आत बाई रडतेय.

बांधून ठेवलेली पिशवी: डिंकाचे लाडू, बाळाची टोपडी, मोबाइलचा चार्जर.

टीव्हीवर एकच ओळ. ‘सध्या दुसरीकडे कुणीतरी बघत आहे.’

खडोलीच्या कारखान्यात रात्रभर घरघरणारी सुताची यंत्रं.

रमाकांत आंबेरकर हे सिल्वासातले सर्वांत तल्लख गुप्तहेर होते. हे त्यांचं स्वतःचं मत. विरोधी मत कुणी लेखी कळवलं नसल्यामुळे ते मंजूर झालेलं होतं. पोटासाठी ते सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत. चप्पल कुणाची, हे ते नुसतं बघून सांगत. चुकीचं सांगत, पण नुसतं बघून.

रविवारी दुपारी खालच्या खोलीतल्या मंजुळाबाई वर आल्या.

“भाऊ, माझा शेवटचा भाग कुणीतरी अडवून ठेवलाय.”

चाळीत अ‍ॅपची भिशी होती. एका खोलीने एक अ‍ॅप घ्यायचं, पासवर्ड सगळ्यांनी वापरायचा. मंजुळाबाईंची मालिका चिन्हात पतंग असलेल्या अ‍ॅपवर होती, तिथून डमरूवाल्यावर गेली, आणि शेवट घुबडवाल्याने विकत घेतला. घुबडवाल्यावर पूर्वी सगळी चाळ एकदम बघायची. आता एका वेळी एकच टीव्ही. वाढल्या त्या फक्त जाहिराती.

“संध्याकाळच्या बसने मी धडगावला जाऊ राहिली. सोनमचं बाळंतपण हाय. वर पाड्यावर रेंज नाही. हरवलेली पोर आईला भेटते का नाही, एवढं बघून जाऊ द्या वो.”

रमाकांतांनी चष्मा पुसला. “धनश्री, लिहून घे. चोर डावखुरा आहे.”

“पोळ्या लाटतेय,” बायको म्हणाली. “पासवर्ड डाव्या हाताने चोरला?”

“ते पुढे कळेल.”

पहिला संशय कोपऱ्यातल्या शिक्षिका कुसुमबाईंवर. डोळे लाल, म्हणजे मालिका बघून रडल्या. त्या कांदा चिरत होत्या. उरलेला त्यांनी रमाकांतांना चिरायला दिला. दुसरा संशय शेजारच्या निलेशवर, कारण दारात भलंमोठं नवं खोकं. त्यात कूलर निघाला. पुराव्याअभावी कूलर सुटला.

मग ते खालच्या मजल्यावर, एकत्र राहणाऱ्या चिंधा आणि नवनाथच्या खोलीपाशी थबकले. कुलूप बाहेरून. आतून हुंदके: “आई, मला इथून घेऊन जा.”

“अपहरण,” रमाकांत पुटपुटले. “नवनाथ कामावर गेलाय. चिंधाच्या चपला मात्र इथेच. म्हणजे चिंधा अनवाणी पळाला.”

मंजुळाबाईंनी दाराला कान लावला आणि लगेच हातांनी दोन्ही कान झाकूनही घेतले. “ही तर माझ्या मालिकेतली पोर. शेवट चालू हाय. मला ऐकवू नका.”

रमाकांतांनी दार बडवलं. हुंदके वाढले. त्यांनी कुलपाची चष्म्यातून आणि चष्म्यावरून पाहणी केली आणि पोलिसांना काय निवेदन द्यावं याची मनात जुळवाजुळव सुरू केली.

पिठाच्या हातांनी धनश्री खाली आली. “चिंधाची खडोलीच्या कारखान्यात रात्रपाळी ना? झोप मोडू नये म्हणून नवनाथ कुलूप लावूनच जातो.” ती जिन्याखालच्या मीटरपाशी गेली आणि त्या खोलीचं बटण खाली ओढलं.

हुंदके थांबले. सगळं शांत.

“कोण रे?” आतून चिंधा ओरडला. “मशीन कशाला बंद केलं?”

रात्रभर यंत्रांची घरघर ऐकून त्याला आता शांततेत झोप लागत नव्हती. खिडकी उघडून तो डोळे चोळत म्हणाला, “मी काय बघत नाही वो मावशी. बटण दाबलं की तुमचीच मालिका सुरू होते. घुबडवालं बरं पडतं. जाहिराती एवढ्या, की आवाजात खंड पडतच नाही.”

“अरे, पण तू झोपशील कसा आता?” मंजुळाबाईंचा जीव अडकला. सुटलेला भाग हातात होता आणि त्या हलेनात.

“तुम्ही जा, बघा,” धनश्री म्हणाली. तिने खिडकीखाली स्टूल ठेवलं. “अहो, बसा. हे प्रकरण तुम्ही कसं उलगडलंत, ते चिंधाला पहिल्यापासून सांगा.”

गोष्टीत कूलर येण्याआधीच चिंधा घोरायला लागला. रमाकांत बोलत राहिले. खालच्या खोलीत आई आणि पोर भेटल्या, तेव्हा बस गाठायला निघालेल्या मंजुळाबाईंच्या एका पायात चप्पल होती.

ही मालिका सुरुवातीला साध्या टीव्हीवर रोज रात्री आठ वाजता लागायची. तेव्हा सगळी चाळ मंजुळाबाईंच्या खोलीत बसायची, आणि चिंधा कामावर जाण्याआधी तिथेच भिंतीला टेकून झोपायचा.