मिरची दुरुस्तीसह मंजूर

धंद्याला लोगो असावा की नसावा, हा प्रश्न आमच्या कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या घरात गेल्या वर्षापर्यंत उपस्थित झालेला नव्हता. बाळाबाई वहिनी कांदा-लसणाची चटणी करायच्या, लोक डबा घेऊन यायचे आणि भरून न्यायचे. चटणी कुणाच्या घरची, हे विचारायची पद्धत नव्हती. पहिल्या घासाला नाक वाहू लागलं की माणूस ओळखायचा.

मग वहिनींची लेक राजनंदिनी पुण्याची नोकरी सोडून घरी आली. म्हणाली, "तात्या, चटणी ऑनलाइन विकूया. एक मोठं ऑनलाइन दुकान दिवाळीच्या पानावर आपल्याला जागा देतंय. फक्त पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लोगो चढवायचा." आणि जागा हुकली तर सोमवारी परत पुण्याला जाणार, तिकडं अजून बोलावतायत, हेही तिनं सांगून टाकलं. त्या रात्रीची वहिनींची आमटी खारट झाली.

मी आकाराम चौगले, वहिनींचा धाकटा दीर आणि दूध संस्थेचा निवृत्त सचिव. माझी उभी हयात सभा चालवण्यात गेली. काम झालं नाही तरी चालतं, पण ते रीतसर व्हायला पाहिजे, या मताचा मी माणूस. त्यामुळे स्वयंपाकघरातच सभा बोलावून मी कंपनी स्थापन केली. अध्यक्षपदी माझी निवड झाली. सूचक मीच होतो. अनुमोदन वहिनींचं, कारण कांदा चिरताना त्यांची मान हलली. लगेच दुसरा ठराव केला की ऑनलाइनचे सर्व संदेश, आकडे आणि परवानग्या अध्यक्षांच्याच मोबाइलवर येतील.

राजारामपुरीतला ऋतुराज फ्लेक्सही करतो आणि लोगोही करतो. दोन दिवसांनी तो फोनवर चित्र घेऊन आला. एक लाल मिरची, हिरवं देठ, शेंडा जरा वाकडा. मी फोन उलटा करून मागं बघितलं.

"बाकीचं कुठं हाय?"

"एवढंच हाय, तात्या. फोनवर लोगो नखाएवढा दिसतो. एकच वस्तू पाहिजे, बघताक्षणी वळखू आली पाहिजे."

"मला लई आवडला," राजनंदिनी म्हणाली.

आवडणं हा मंजुरीचा निकष होऊ शकत नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणलं आणि लोगो समिती नेमली. समितीत गारगोटीचे आमचे जावई अमरसिंह, मलकापूरचे आमचे मेहुणे आणि पदसिद्ध मी. बैठकीला चहा आणि भडंग ठेवलं होतं.

अमरसिंहांनी मिरची बघितली आणि कप खाली ठेवला. "मामा, मिरची ब्याडगीची. म्हणजे कर्नाटकातली. कांदा आमच्या गारगोटीच्या शेतातला. परक्या राज्याला लोगोत जागा, आणि जावयाला न्हाय व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. कांदा घेतला. तो घेताच मलकापूरच्या मेहुण्यांनी लसणाचा विषय काढला, कारण लसूण त्यांचा. लसूणही घेतला, पण कांद्यापेक्षा लहान दिसतो म्हणून ते न जेवताच उठायला लागले. निसर्गात लसूण लहानच असतो, असं ऋतुराज म्हणाला. त्याला सभासद नसताना बोलल्याबद्दल समज देण्यात आली आणि लसूण कांद्याएवढा केला.

पुढं असं निघालं की हे सगळं कुठल्याही गावचं वाटतंय. कोल्हापूर दिसायला पाहिजे. म्हणून मिरचीला फेटा बांधला. नुसता फेटा बरा दिसेना, त्याच्याखाली चेहरा पाहिजे. कुणाचा, असा प्रश्न निघाला. मी कसलाही आग्रह धरला नाही. फक्त माझा पासपोर्ट फोटो योगायोगानं खिशात होता, तो काढून टेबलावर ठेवला.

अध्यक्षांचा फोटो आल्यावर सदस्यांचे फोटो ओघानंच आले. जावयांचा उजवीकडं, मेहुण्यांचा डावीकडं, खाली 'मार्गदर्शक' आणि 'आधारस्तंभ'. आपल्याकडं फ्लेक्सला हीच रीत आहे, लोगोला वेगळी का असावी? वहिनींचा फोटो राहिला, हे ऋतुराजनं पुन्हा मधे बोलून सांगितलं. जागा शिल्लक नव्हती, म्हणून कडेला बारीक अक्षरात 'पाककृती सौजन्य : घरची मंडळी' असं टाकलं. मिरची मात्र जावयांच्या कानावर येत होती. ती दुरुस्तीसह मंजूर करून वगळण्यात आली.

ऋतुराजनं तयार लोगो नखाएवढा करून दाखवला. राजनंदिनीनं फोन माझ्यासमोर धरला. "तात्या, ह्यात काय दिसतंय सांगा."

मी चष्मा पुसला. वहिनी मागून वाकून बघत होत्या. "किडल्याली दाढ दिसत्या," त्या म्हणाल्या.

त्यांचं मत मी इतिवृत्तात विरोधी म्हणून नोंदवलं. दोष लोगोचा नव्हता. दोष फोनच्या आकाराचा होता. म्हणून समितीनं असं ठरवलं की लोगो आधी कळंब्याच्या रस्त्यावर मोठ्या फ्लेक्सवर लावायचा, शनिवारी चार वाजता त्याचं अनावरण करायचं, आणि अनावरण झालेलाच लोगो ऑनलाइन चढवायचा. अनावरण न झालेली वस्तू अधिकृत कशी म्हणणार?

"तात्या, पाच वाजता बंद हुतंय ते," राजनंदिनी म्हणाली. "माझी बॅग भरायला लावू नका."

"चार म्हणजे चार," मी शब्द दिला.

शनिवारी प्रमुख पाहुणे साडेचारला आले. आपल्याकडं याला वेळेवर म्हणतात. मग दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग वारा असल्यामुळं पुन्हा दीपप्रज्वलन. राजनंदिनी मांडवाच्या कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. माझं अध्यक्षीय भाषण रंगात आलं होतं, धंद्यात वेळेचं महत्त्व या विषयावर, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. भाषणात फोन बघणं मला पसंत नाही. मी बघितला नाही.

आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव नसताना वहिनी शाल आणि नारळ घेऊन व्यासपीठावर चढल्या. "अध्यक्षांचा सत्कार ऱ्हायलाय," त्या माइकमधून म्हणाल्या.

सत्काराला नाही म्हणणारा अध्यक्ष आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. मी भाषण थांबवलं, मान खाली केली. शाल पडली, नारळ हातात आला.

"भावजी, फोन द्या की. मी फोटो काढतो."

इतक्या वर्षांत या बाईनं माझं कौतुक केलं नव्हतं. मी स्वतः फोन उघडून दिला आणि नारळ छातीशी धरून उभा राहिलो. फोटो काढताना लोक एक-दोन-तीन म्हणतात. वहिनी फोनकडं बघत मोठ्यांदा चार, शून्य, सात, सात, एक, नऊ म्हणाल्या. त्यांची शाळा कमी झालीय, म्हणून मी मनावर घेतलं नाही. कोपऱ्यात राजनंदिनीनं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलगी भारावली असणार, असं मी समजलो.

त्यानंतर पडदा पडला, फ्लेक्स उघडा झाला. आम्ही तिघं फ्लेक्सवरून रस्त्याकडं बघून हसत होतो. घड्याळात सव्वापाच झाले होते. फोनमध्ये फोटो कुठलाच सापडला नाही.

दिवाळीच्या आधीच चटणी संपली. दुसरा घाणा करावा लागला, कांडपाला दोन बायका जास्त घेतल्या. राजनंदिनीची रिकामी बॅग माळ्यावर गेली. एका पार्सलवर माझी नजर पडली, तेव्हा मला कळलं. त्यावर एकटी मिरची होती. फेटा नाही, कांदा नाही, मी नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी राजनंदिनीकडून खुलासा मागवला.

"मूळ विषय मिरचीच हुता, तात्या," ती म्हणाली. "दुरुस्ती तेवढी चढवायची ऱ्हायली." वहिनी आत भाजत्या मिरचीचा ठसका लागल्यासारख्या खोकत होत्या.

कारवाई करणार होतो. पण चहाच्या गाड्यावर ओळखीचे लोक येऊन हात मिळवायला लागले. "आकारामतात्या, लोगो काय साधा केलाय हो, एकच मिरची." मी त्यांना शांतपणे सांगितलं की एवढं साधं काही करायचं म्हणजे समितीच लागते.

आता लोगोला वर्ष होतंय. वर्धापनदिनानिमित्त सुधारणा सुचवण्यासाठी मी समिती पुन्हा बोलावलीय. राजनंदिनी त्या दिवसापासून माझ्याशी जरा जास्तच गोड बोलते, आणि वहिनींनी नवीन शाल आणलीय.

तुम्ही मघापासून हसताय, हसा. पण एकटी मिरची जरा ओकीबोकी दिसते, शेजारी लसणाची निदान एक पाकळी तरी हवी होती, असं तुमच्याही मनात येऊन गेलंय की न्हाय? लाजू नका, पावणं. समितीत एक जागा रिकामी हाय. येताना पासपोर्ट फोटो तेवढा घेऊन या.