सी तात्यांची, डी इंद्रजीतची

कॉम्प्युटरची सी ड्राइव्ह भरून लाल झाली आणि पायल रडकुंडीला आली. तासाभरात नोकरीची परीक्षा होती, घरबसल्या द्यायची. परीक्षेचं सॉफ्टवेअर जागा मागत होतं, आणि तीही सीमध्येच. पण सी तिची नव्हती. सी होती तिच्या थोरल्या चुलत्यांची, महिपती तात्यांची.

कॉम्प्युटरची वाटणी होते हे कुणाला खोटं वाटत असेल, तर त्यानं जुळे सोलापुरात या घरी येऊन खात्री करावी. केम गावच्या शेतातल्या बांधावरून तात्या आणि पायलचे वडील इंद्रजीत या भावांचं फाटलं, बोलणं बंद झालं. तेव्हा आजोबांनी कंटाळून घरातला एकुलता एक कॉम्प्युटरही वाटून टाकला. सी थोरल्याला, डी धाकट्याला. त्यावर काम करणारी एकटी पायल, पण मुलीला कसला आलाय वाटा! तिचा अभ्यास पेनड्राइव्हवर.

"तात्या, तुमच्यातलं काहीतरी काढायला लागेल."

"आदी ते विंडोज काड की. कुणाचं हाय ते?"

"ते सगळ्यांचं असतं. त्याच्याशिवाय कॉम्प्युटर चालत नाही."

"मंजी रस्ता सगळ्यांचा आन् जमीन गेली माझ्या एकट्याची! वा रं न्याय!"

राहिले तात्यांचे व्हिडिओ. दर रविवारी तात्या केमला जायचे आणि मोबाइलवर बांध टिपून आणायचे, मग मोबाइल रिकामा करून सगळं सीमध्ये भरायला लावायचे. बांध, बांधावरची बाभूळ, पुन्हा बांध. इंद्रजीत बांध कोरतो हे कोर्टात दाखवायचं होतं ना! त्या पुराव्यानं सी गळ्यापर्यंत भरली होती.

"पेनड्राइव्हवर एवढं मावणार नाही. डीमध्ये ठेवू या?"

"पुरावा आरोपीच्या घरात ठिवायचा व्हय?"

दाराबाहेर पलंगावर पेपर वाचत बसलेल्या आरोपीनं मान वर न करता उत्तर दिलं, "पायल, तुझ्या तात्यांना सांग, डीत पाय ठिवाय जागा न्हाय. आन् असती तरी दिली नसती. आज फायली ठिवत्याल, उद्या कूळ लागत्याल."

डीला इंद्रजीतनं पासवर्ड घातला होता. तो त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हता. ती महादेवी लाटणं घेऊनच बाहेर आली.

"परीक्षा हुकली की वैरागचं स्थळ पक्कं करणार म्हणालात न्हवं? पोरीचं वाटोळं करून बसा मग, आपापल्या ड्राइव्हा कवटाळून!"

पायलचे डोळे भरून आले. तात्यांना ते बघवेना. भावाशी वैर, पण पुतणी म्हणजे जीव की प्राण.

"उडीव," ते म्हणाले.

"सगळं?"

"सगळं! बांध काय पळून चाललाय व्हय? परीक्षा चाललीय."

पायलनं सगळं उडवलं, कचऱ्याची पेटीही रिकामी केली. तात्या तोंड फिरवून उभे राहिले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले. सॉफ्टवेअर झक्कत बसलं. दार लावून पायलनं परीक्षा दिली, आणि बाहेर दोघं भाऊ पलंगाच्या दोन टोकांना बसून दाराकडं बघत होते.

"लई भारी गेला पेपर!" पायल नाचतच बाहेर आली.

महादेवीनं नवऱ्याला दंडाला धरून कॉम्प्युटरपुढं बसवलं. "आता ती डी उघडा. असं काय सोनं पुरून ठेवलंय, बघू तरी द्या."

इंद्रजीतनं आढेवेढे घेतले, खोकला काढला, शेवटी पासवर्ड घातला. डी उघडली. आत काहीच नव्हतं. एक फाइल नाही, एक फोटो नाही.

"अय्यो देवरे!" महादेवीला एकदम अक्कलकोटचं कानडी माहेर आठवलं. "रिकामी?"

"पड ठिवलीती," इंद्रजीत पुटपुटला. "आपली हाय म्हणून."

तात्या ताडकन उठले. "इंद्र्या!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी भावाला थेट हाक मारली. "जागा हुती की रं, भाड्या! माजा समदा पुरावा गेला की!"

"दादा, मला काय म्हाईत, तुमी खरंच उडिवताल!"

"आता कुटनं आणू मी?"

"परत काडायचा. येत्या रविवारी."

"कसा काडू? हात थरथरतोय अलीकडं. चित्र हालतंय."

इंद्रजीत कॉम्प्युटरपुढून उठला. मग पेपरची घडी घालत म्हणाला, "मी येतो की संगं. मोबाइल मी धरतो. तुमी फकस्त दावा, मी कुटं कुटं कोरलाय ते."