बाबा पडेनात

साठांपैकी एकोणचाळीस पँट्स फाटायच्या राहिल्या होत्या आणि भिंगरीचा पाय प्लास्टरमध्ये होता. बड्या दुकानाच्या खरेदीप्रमुख बाई शुक्रवारी माल बघायला येणार होत्या आणि आज सोमवार होता.

विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून भिंगरी स्केटबोर्डवर चढली, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. पण वर्षभरात तिच्या ‘आपटी’ या ब्रँडचं नाव झालं. जाड कापडाची ढगळ पँट आणि गुडघ्याला भोक, एवढाच तो प्रकार. भोकं इतरही कंपन्या पाडतात, पण कात्रीने. ‘आपटी’ची पँट मात्र स्केटबोर्डवरून खरोखर पडून फाटलेली असे. प्रत्येकीसोबत एक कार्ड, त्यावर पडल्याची तारीख, जागा आणि गुडघा उजवा की डावा. ज्यांना आयुष्यात कधी साधं खरचटलेलं नाही, अशी श्रीमंत मंडळी ते कार्ड वाचून हळवी व्हायची आणि पँट घेऊन जायची.

कार्डाची कल्पना तिच्या बाबांची. वजनमापे खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं निरीक्षकाची नोकरी केली होती. जे बाहेर लिहिलंय तेच आत असलं पाहिजे, हा त्यांचा खाक्या. एकविसाव्या पँटचं कार्ड भिंगरीने घोटा मोडून घेऊन हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावर भरलं होतं.

“उरलेल्यांना मी कात्री लावते,” शिलाई मशीनवरून आई म्हणाली. “कोणाला कळतंय?”

“मला कळेल,” बाबा म्हणाले. “असल्या दुकानांना मी कुलपं ठोकलीत.”

“मग पडणार कोण?” भिंगरी म्हणाली. “माझी सगळी गँग स्पर्धेला बाहेरगावी गेलीय. कचेरीतले साहेब परत बोलावतायत, पण खुर्ची महिनाअखेरपर्यंतच रिकामी ठेवणार आहेत. ही ऑर्डर हातची गेली, तर ‘आपटी’ला टाळं लावून मी परत विमे विकायला बसणार.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “मी पडतो. त्यात काय शिकायचंय?”

खरंच काही शिकावं लागलं नाही. इमारतीखालच्या पार्किंगच्या उतारावर, डोक्याला हेल्मेट आणि मागे आईने बांधलेली उशी अशा थाटात बाबा उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत चौदा पँट्स फाटल्या. मंगळवारी आणखी नऊ. बाबा पडायचे, उठायचे, कार्ड भरायचे, नवी पँट चढवायचे. आईने आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले होते, तेही गुडघ्याला दुहेरी कापड लावून. आपलं काम असं फाटताना बघून तिचा जीव तुटत होता, पण हिशोबाने सगळं बरोबर चाललं होतं.

बुधवारी घात झाला. तिसरी पँट फाटल्यावर बाबांना तोल सापडला.

“बाबा, गुडघे वाकवू नका,” पायरीवर प्लास्टर पसरून बसलेली भिंगरी ओरडली.

“मी कुठे वाकवतोय? ते आपोआप वाकतात.”

“मग खाली बघा. खाली बघितलं की माणूस पडतोच.”

“बघितलं. उलट फळी आणखी सरळ चाललीय.”

“घरात पायपुसण्यावर अडखळतात,” आई म्हणाली, “आणि कामाच्या वेळी बघा.”

उतारावर साबणाचं पाणी ओतलं, तर बाबा दुप्पट लांब घसरत गेले आणि ऐटीत थांबले. खडे पसरले, तर खड्यांवरून उडी मारून पलीकडे उतरले. मुद्दाम पडा म्हटलं, तर त्यांना ते पटेना. “तो अपघात होत नाही, बनाव होतो,” ते म्हणाले आणि गुरुवारी मागे तोंड करून उतरले. पायरीवर भिंगरीला रडू आलं. तिचं सगळं बुडत होतं आणि तरी बाबांचा अभिमान वाटत होता, ही खरी पंचाईत होती.

शुक्रवारी खरेदीप्रमुख बाई आल्या. अंगावर काळा पोशाख, त्याला कुठे चुणी म्हणून नाही. त्यांनी फाटलेल्या सत्तेचाळीस पँट्स भराभर बघितल्या आणि शेवटच्या गठ्ठ्यापाशी थांबल्या.

“या तेरा धड कशा?”

भिंगरीने सबबीसाठी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी एक कार्ड पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, ‘गुरुवार. पार्किंगचा उतार. पडण्याच्या संधी एकतीस. पडलो नाही.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. “ही कोणी घातली होती?”

“मी. वय बासष्ट. स्केटबोर्डचा अनुभव चार दिवस.”

बाईंनी धड पँट उचलून उजेडात धरली. भिंगरीने डोळे मिटून घेतले.

“फाटलेल्या हल्ली गल्लोगल्ली मिळतात,” बाई म्हणाल्या. “पण एकतीस वेळा न पडलेली पँट मी अजून बघितली नव्हती. या तेरा काचेच्या कपाटात लावते. सत्तेचाळीसही पाठवून द्या. आणि पुढच्या महिन्यात साठ हव्यात, सगळ्या धड. कार्ड मात्र खरं पाहिजे.”

भिंगरीने त्यांच्यादेखतच कचेरीत फोन लावला. “साहेब, माझी खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या,” तिने सांगितलं आणि फोन ठेवल्यावर बाबांच्या गळ्यात पडली.

सोमवारी सकाळी बाबा नवी कोरी पँट घालून उतारावर उभे राहिले. आईने उशी बांधायला आणली, तर त्यांनी हाताने बाजूला सारली. एकही फाटता कामा नये, असं त्यांनी स्वतःला तीनदा बजावलं, खांदे ताठ केले आणि फळी सोडली.

दुपारपर्यंत अकरा पँट्स फाटल्या. त्यांतल्या सहा दोन्ही गुडघ्यांवर.