कॅप्टनचा सागवानी पाय

"भाऊजी, याले हात लावू नोका," बापूजी म्हणाला आणि त्यानं ते खोकं धानाच्या ढोलीवर नीट ठेवून दिलं.

एवढं तो बोलला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण देवाजीला हात लावू नका म्हणणं म्हणजे बैलाला हिरव्या चाऱ्यासमोर बांधून मुस्कं घालणं. देवाजी आरमोरीच्या बैलबाजारातला दलाल. बैलाच्या तोंडात बोट घालून वय सांगायचा, शेपटी ओढून स्वभाव सांगायचा. ज्याला त्याला माहीत होतं, देवाजी चांगला म्हणाला की बैल चांगलाच. त्यानं आयुष्यात एकही वस्तू नुसती पाहिली नव्हती, सगळ्या चाचपल्या होत्या.

बापूजी त्याचा साळा, बायको गिरजाबाईचा धाकटा भाऊ. कुवेतला गेला होता. तिथली कंपनी बुडाली तेव्हा परत आला, तो बहिणीच्याच घरी. आल्यापासून कामाला लागतो लागतो म्हणत होता, पण काम काही लागत नव्हतं. येताना त्यानं आणलं काय, तर हे खोकं. समोरून प्लास्टिकची काच, आत वीतभर माणूस. अंगात चांदीसारखे कपडे, डोक्यावर पालथ्या तांब्यासारखा काचेचा गडवा, हातात बंदूक.

"हा कोन हाय बाप्पा?" देवाजीनं विचारलं.

"कॅप्टन हाय. टीव्हीले जोडून खेळाचा एक खेळ असते, भाऊजी. आकाशात लढाई असते. त्या खेळातला हा मेन मानूस."

"मंग याले घेऊन का कराचं?"

बापूजीनं सगळं सांगितलं. जंगल खात्यात नवीन आलेल्या रेंजर साहेबाला या बाहुल्यांचा मोठा नाद. बंगल्यावर काचेच्या कपाटात त्या खेळातले सगळे शिपाई उभे होते, फक्त कॅप्टन नव्हता. त्यासाठी साहेबानं मुंबईपर्यंत पत्रं धाडली होती. आता हा कॅप्टन साहेबाच्या पसंतीला उतरला की ओळख होणार. ओळख झाली की बापूजी लाकडाच्या डेपोवर चौकीदारीचा शब्द टाकणार.

"पन खोकं बंद पाह्यजे," बापूजी म्हणाला. "उघडलं का किंमत गेली."

"मंग साहेब पारख कसा करन?"

"काचेतून."

देवाजी हसला. "खिडकीतून पाहून बैल घेते का गा कोनी?"

"भाऊजी, हा बैल नोहे. तुमाले याच्यातलं समजत नाई."

एवढं बोलून बापूजी साहेबाला उद्याचं बोलावणं द्यायला सायकलवर निघून गेला. देवाजी मात्र तिथंच बसला. तुमाले समजत नाई. बाजारात असं कोणी बोललं असतं तर देवाजीनं त्याला त्याच्याच बैलाचे दात मोजायला लावले असते.

गिरजाबाई अंगण सारवत होती. देवाजीनं खोकं खाली काढलं, झाकणाचा डिंक नखानं हळूच सोडवला आणि कॅप्टनला बाहेर घेतलं.

आधी दात पाहिले. तोंड उघडत नव्हतं. हा दोष धरला. मग पाठीवरून हात फिरवला, केसांचा अशुभ भोवरा नव्हता, हे बरं. मग चाल पाहावी म्हणून ढोलीच्या झाकणावर उभा केला. कॅप्टन आडवा पडला. पाय कच्चा असेल म्हणून देवाजीनं डावा गुडघा धरला आणि बैलाचा खूर पाहायला उचलतात तसा मागे उचलला.

पाय हातात आला.

देवाजीनं आजवर कितीतरी जनावरांचे पाय उचलले होते, पण एकाचाही असा हातात राहिला नव्हता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. पाय परत लावून पाहिला. लागला नाही. मग त्याला धावड्याचा डिंक आठवला. डिंक लावला, पण पावसाळ्याचे दिवस, तो सुकेना. म्हणून पाय चुलीच्या काठावर ठेवला आणि जरा तंबाखू मळून घ्यावी म्हणून वळला. तंबाखू मळून होईपर्यंत पाय भाजलेल्या पापडासारखा गुंडाळून गेला होता.

"अजी, काय जळून राह्यलं?" गिरजाबाई दारात उभी.

"काई नाई. कॅप्टनचा पाय."

गिरजाबाईनं एकदा चुलीकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, आणि उंबऱ्यावर बसली. "माह्या भावाची नौकरी होती ते. तुमी चुलीत घातली."

"चुलीत नाई, काठावर ठेवली."

"आता तो इथीच राह्यते जन्मभर. खाटेवर तो, ओसरीत तुमी, अन् मी चुलीपाशी. राह्यजा मंग बैलाचे दात पाहात."

साहेब उद्या येणार. उद्याच पोळा. देवाजी उठला आणि सुकलू सुताराकडं निघाला.

सुकलूच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल घेऊन मिरवणार, आणि गावातले सगळे बैल सुकलूकडं. महिन्याभरापासून तो मान वर न करता बैलच करत होता.

"सुकलू, एक पाय करून दे. याच्याएवढा." देवाजीनं उरलेला पाय दाखवला.

"ठेवा तिथी. लाकूड सावरीचं चालन?"

"सावरीचं नोको. सागवान पाह्यजे. मालाले शोभन असं."

"सागवान मी ठेवत नाई, भाऊ. फॉरेस्टवाले येतेत."

देवाजी घरी आला, गोठ्यातला बैल बांधायचा नवा खुटा उपटला आणि सुकलूपुढं टाकला. बैल तेवढ्यात शेजाऱ्याच्या धानात गेला, त्याला हाकलून येईपर्यंत सुकलूनं पाय करून ठेवला होता. गुळगुळीत, सरळ, मापाला काडीचा फरक नाही. फक्त खाली तळव्याच्या जागी खूर होता. मधोमध चिरलेला, मागं दोन बारीक खुऱ्या.

"हे काय केलं गा?"

सुकलूनं पाय वर धरून पाहिला. तोही जरा चकित झाला. "हात सवयीनं चालला, भाऊ."

"दुसरा कर."

"दुसरा बी तसाच निघन. तान्हा पोळा झाल्यावर या, तोवर हाताले मानसाचा पाय आठवत नाई."

देवाजी खूर आणि उरलेला खुटा घेऊन घरी आला. गिरजाबाईनं पाहिला, कपाळाला हात लावला, पण बाई कामाची. बैलाच्या शिंगांना लावायचा चांदीचा बेगड आणून ठेवला होता. तिनं तो पायावर गुंडाळला, डिंकानं पाय गुडघ्यात बसवला, खूर खोक्याच्या तळच्या पट्टीमागं लपवला आणि झाकण चिकटवून दिलं. लांबून पाहिलं तर कॅप्टन दोन पायांवर उभा होता.

"लांबून बरा दिसते," देवाजी म्हणाला.

"साहेबाले अंगनातच बसवू," गिरजाबाई म्हणाली.

पण साहेब जीपमधून उतरला तो थेट ओसरीत आला. बापूजीनं अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यानं खोकं दोन्ही हातांनी असं आणलं, जसं कोणी नैवेद्याचं ताट आणतं. साहेबानं खिशातून भिंग काढलं. खोक्याचे कोपरे पाहिले. छापलेली अक्षरं पाहिली. मग काचेतून बराच वेळ कॅप्टनकडं पाहत राहिला.

"डावा पाय जास्त चमकतो," साहेब म्हणाला.

देवाजीनं गमछ्यानं मान पुसली.

"आणि उघडलेलं आहे." साहेबानं नखानं झाकण सोडवलं. कालचा डिंक अजून ओलाच होता. कॅप्टन बाहेर आला आणि त्याच्यासोबत खूरही. बापूजीनं खुराकडं पाहिलं, मग बहिणीकडं, मग भाऊजीकडं. त्याचा चेहरा पाहून देवाजीला वाटलं, यानं एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मीच तोडला, साहेब," देवाजी म्हणाला. "पोराचा काई दोष नाई. त्यानं त मले हात लावू नोका म्हनलं होतं."

साहेबानं दुसरा गुडघा वाकवून पाहिला आणि कॅप्टन खाली ठेवला. "अस्सल कॅप्टनचा गुडघा वाकतच नाही. हा नकली आहे. तुम्हाला कुवेतमध्ये फसवलं, बापूजी."

बाहेर सजवलेला बैल घुंगरं हलवत उभा होता.

साहेबानं बेगड सोलला. पाय नाकाशी नेला, वास घेतला, नखानं ओरखडला. "यात अस्सल काही असेल तर हा पाय."

कालपासून पहिल्यांदाच देवाजीच्या जिवात जीव आला. "सागवान हाय, साहेब. पक्कं."

"ते दिसलं. ओलं आहे, याच पावसाळ्यातलं. कुठून आणलं?"

"माह्या खुट्यातलं."

"आणि खुटा?"

देवाजीचं तोंड उघडं राहिलं. त्या वेळी कोणालाही त्याचे दात मोजता आले असते.

साहेबानं गोठ्यातला उरलेला खुटा मागवला, जीपमधून कागद आणवला आणि तिथंच पंचनाम्याला बसला. "ओलं सागवान, विनापास. एक खुटा, एक पाय. दंड मालाच्या किमतीवर लागेल. खुट्याची किंमत मला कळते. या पायाची काय लावू? पारखी तुम्हीच ना?"

किंमत म्हटलं की देवाजीचा गमछा आपोआप पसरायचा. बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, कापडाखाली बोटं धरून सांगतात. त्यानं साहेबाच्या हातावर गमछा टाकला आणि खाली हात घातला. साहेबानं हसून एक बोट पुढं केलं.

एक बोट. सुकलूच्या हातचा पाय, काडीचा फरक नाही, अन् एक बोट. देवाजीनं मान हलवली आणि साहेबाची आणखी दोन बोटं दाबून धरली.

"अजी," गिरजाबाई म्हणाली, "दंड तुमालेच भराचा हाय."

पण तोवर देवाजीनं सगळा पंजा धरला होता. हात सवयीनं चालला.

साहेबानं तीच किंमत लिहिली. खाली बापूजीची पंच म्हणून सही घेतली आणि उठता उठता त्याला विचारलं, "हे खोकं तुम्ही कुवेतहून आणलं तेव्हापासून कधीच उघडलं नाही?"

"नाई, साहेब. हात बी नाई लावला."

"उद्यापासून डेपोवर या. मला असाच माणूस पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. देवाजी दंड भरून डेपोत शिरला तेव्हा बापूजी खाकी सदरा घालून स्टुलावर बसला होता. मागं सागवानाच्या ओंडक्यांच्या थप्प्या, आणि सगळ्यात वर, नंबराचा शिक्का मारलेला तो बोटभर पाय, खूर आभाळाकडं करून. दंड भरला तरी जप्तीचा माल सरकारचाच. देवाजीला वाटलं, निदान शिक्का तरी सरळ बसला का पाहावं. तो ओंडक्यांजवळ गेला.

बापूजी स्टुलावरून उठला.

"भाऊजी," तो म्हणाला, "याले हात लावू नोका."