शेवंताबाईची चूल

बसस्टॉपच्या बाकावर तुम्ही निवांत बसला आहात आणि एक साठी उलटलेला माणूस येऊन म्हणतो, "उठा की राव, शेवंताबाईच्या चुलीवर बसले तुम्ही!" तर घाबरू नका. ते आमचे शेजारी, भालेराव मामा.

वाळूजच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. मामांनी स्कूटरला भोंगा बसवला. हर्सूलकडं जाणारा हा रस्ता ज्या बायांनी खडी फोडून केला, त्यांची पालं याच जागी होती; आता बाक आहे तिथं शेवंताबाईची चूल. त्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या. मामांनी घरोघर जाऊन त्यांचं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि दर रविवारी ते इथं ऐकवतात. "जिथलं तिथंच ऐकावं. घरात बसून ऐकलं की नाटक वाटतं," हा त्यांचा कायदा.

मधेच कुणाचा फोन वाजला की मामा खेकसतात, "बाई बोलायली ना!" मला आधी गंमत वाटायची. मग शेवंताबाईचा आवाज ऐकला. तान्ह्या लेकराला खडीच्या ढिगामागं निजवून ती हातोडा चालवायची, आणि हातोडा थांबला की लेकरू दचकून उठायचं. एक बस आली, कुणी चढलंच नाही.

मामांची आई गिरजाबाईही याच खडीवर होती. "त्यांचं कधी ऐकवणार?" मी विचारलं. मामा भोंगा पुसत राहिले.

"तिला म्हणलं, आधी बाहेरच्या बाया उरकू दे, तू काय घरातच हायेस. ती बी म्हणली, व्हय, मला कुठं घाई हाय. अन् गेली की हो."

गेल्या रविवारी बसची वाट बघणारी एक म्हातारी भोंग्यातला आवाज ऐकून उठूनच उभी राहिली. "आगं बया, ही तर शेवंता! मंग गिरजा कुठंय? ती हसली की मुकादम बी काम सोडून बघायचा."

एरवी कुणी खोकलं तरी मोबाइल पुढं करणारे मामा नुसतेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कशी हसायची? बाप गेल्यापासून ती हसलेली मला आठवत नाय."

म्हातारीनं पदर सावरला आणि खदखदून हसून दाखवलं.

मामा शेवंताबाईच्या चुलीवर मटकन बसले. मोबाइल खिशातच राहिला होता.

"मावशी," ते म्हणाले, "परत एकदा."