डावी बाजू अंकलीच्या पुलावर

माझ्या दाजींच्या गाडीतलं क्राऊन-पिनियन बदलल्यापासून तिची उजवी बाजू आधी पोचते आणि डावी मागाहून येते.

गाडी लाल, स्पोर्ट्स, दोनच माणसांची. दाजी म्हणजे हिंदुराव सासने. कोल्हापुरात पंपांचे सुटे भाग करतात आणि उरलेला वेळ ही गाडी पुसतात. सुटताना गाडी आळस करते, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून उद्यमनगरातल्या दस्तगीर मिस्त्रींनी मागचा डिफरन्शिअल खोलला, चाकांना जोर देणारी जुनी दातेरी जोडी काढली आणि जास्त पिकअपची नवी बसवली.

पहिल्याच फेरीला दाजी रंकाळ्यावर पोचले, भेळ मागवली, संपवली, आणि मग त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलेली माझी बहीण, आक्का, येऊन पोचली.

दाजी तसेच गॅरेजला गेले. मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं.

"पिकअप पाहिजे म्हणालासा, दिला. दोन्ही बाजूंना सारखा पाहिजे, असं म्हणाला न्हाईसा."

"मग आता?"

"दातं एकमेकांत बसायला येळ लागतोय. तवर जोडीनं कुठल्या कार्याला जाऊ नका."

कार्य तर तोंडावर होतं. माझी भाची केतकी, तिचा साखरपुडा, मिरजेत. मी केतकीला घेऊन जीपनं पुढं निघालो आणि दाजींना सुचवलं, तुम्ही दोघं एसटीनं या. दाजी म्हणाले, "व्याह्याच्या दारात एसटीतनं उतरायचं, तर ही गाडी काय दसऱ्याला पुजायला घेतलीय?"

कार्यालयाच्या दारात दाजी अगदी वेळेवर उतरले. त्यांच्यामागं गाडीची उजवी बाजू उभी होती. उजवा दरवाजा, उजवी दोन चाकं, निम्मी नंबरप्लेट. मुलाचे वडील, आप्पासाहेब माने, स्वागताला पुढं आले.

"विहीणबाई?"

"आल्यात. म्हणजे येत्यात. डावीकडं हायत."

आप्पासाहेबांनी डावीकडं बघितलं. तिथं नारळाची पोती होती. पण त्यांना फारसं वावगं वाटलं नाही. "आमच्यातबी बायका मागनंच येतात," म्हणाले आणि दाजींना फेटा बांधायला घेऊन गेले.

अडचण भटजींनी काढली. गणेशपूजनाला मुलीचे आईबाप जोडीनं पाटावर हवेत. मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता. मुलगा बोटीवर नोकरीला. संध्याकाळी निघणार, तो वर्षभरानं परतणार. त्यात मुलाची आत्या दुसरं स्थळ पर्समध्ये घालूनच बसली होती, हे सगळ्या मांडवाला ठाऊक होतं. केतकी माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती, पण हातातला रुमाल पिळून दोरी झाला होता.

"शास्त्रात सोय आहे," भटजी म्हणाले. "यजमानांनी कमरेला सुपारी लावावी. पत्नीच्या जागी सुपारी चालते."

"ती विधुराला लावतात," मी म्हणालो. "माझी बहीण जिवंत आहे. वाटेत आहे."

"वाटेत म्हणजे कुठं?"

मी आक्काला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"अंकलीच्या पुलावर," आक्का म्हणाली. "पुढं उसाचा ट्रॅक्टर आहे. हे हॉर्न मारून दमले."

"हे म्हणजे कोण?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"तुझे दाजी, आणि कोण?" मीच विचारलं असं समजून आक्का म्हणाली. "शेजारीच आहेत. देऊ का?"

दाजींनी माझ्या हातातून फोन घेतला. "जरा दाब की गाडी," ते म्हणाले.

"दाबायला जागा पाहिजे ना," पलीकडून दाजी म्हणाले. "तुला तिथं बसून बोलायला काय जातंय."

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. भटजींनी तबकातून सुपारी उचलली आणि दाजींचा हात नकळत सदऱ्याखाली कमरेकडं गेला.

"अहो," फोनमधून आक्का म्हणाली, "मी ऐकतेय हं."

दाजींचा हात थांबला. त्यांनी केतकीकडं बघितलं, मग फोनमध्ये बोलले, "असं कर. गाडी बाजूला घे. हिला उजवीकडं बसव."

"ही चालवणार?"

"येते तिला. आपणच देत नाही."

पलीकडं एक दार वाजलं. मग दुसरं.

उजवी बाजू केव्हाच पोचलेली असल्यामुळं आक्का पदर सावरत दारातून आत आली. माझ्यासमोर दाजी होते त्या खुर्चीत आता निम्मा चहा उरलेला कप, माझा फोन आणि दाजींचा फेटा होता.

"बसा, बसा लवकर," भटजी म्हणाले. "यजमान कुठं गेले?"

"पुलावर," आक्का म्हणाली.

भटजींनी पोथीची पानं पुढं चाळली, मागं चाळली. नवरा उशिरा आला तर काय लावायचं, याबद्दल पोथीत काही नव्हतं. आत्यानं पर्सची चेन उघडली.

आक्कानं भटजींच्या हातातली सुपारी घेतली, कमरेला खोचली आणि पाटावर बसली. "म्हणा पुढचं," ती म्हणाली.

भटजींनी एकदा आप्पासाहेबांकडं बघितलं. आप्पासाहेब फेटा न्याहाळत होते. भटजींनी पुढचं म्हटलं. कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या, केतकीच्या हातात साखरेचा पुडा आला आणि चेन बंद झाल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

शेवटची पंगत उठत असताना गाडीची डावी बाजू आली. दाजी घामाघूम होऊन उतरले आणि केतकीच्या बोटातली अंगठी बघून दारातच थबकले.

"माझ्या जागेवर कोण बसलं?"

आक्कानं कमरेची सुपारी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. दाजींनी ती उलटीपालटी करून बघितली. मग वाढपी पानं घेऊन येईपर्यंत ती तोंडात टाकून सावकाश चघळत बसले.